आधी घराचा वाटा, मग आपला: तालुक्याच्या गावी किरायाच्या घराचं खर्चाचं बजेट कसं बांधावं

कापसाचा पैसा आला, समृद्धी महामार्गात गेलेल्या शेताचा मोबदला मिळाला, घरातलं कुणी निवृत्त झालं, की आमच्या वऱ्हाडात पहिला विचार प्लॉटचा. तालुक्याच्या गावी प्लॉट घ्यायचा, त्यावर दोन-दोन खोल्यांचे तीन ब्लॉक काढायचे आणि शिक्षक, बँकेतली पोरं, दवाखान्यातल्या सिस्टर यांना किरायानं द्यायचे. मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात हेच केलं. पहिली तीन वर्षं किराया येत गेला आणि घरखर्चात मिसळत गेला. चौथ्या पावसाळ्यात स्लॅब गळला, त्याच पंधरवड्यात बोअरची मोटर जळली आणि मला सिमेंट उधारीवर आणावं लागलं. किराया दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत येत होता, तरी दुरुस्तीला हातात रुपया नव्हता.

तेव्हापासून मी किरायाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवतो. या धंद्यात उतरणाऱ्यांनी माझ्यासारखं चौथ्या वर्षी शिकू नये म्हणून तो सगळा इथे उलगडून सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्यात किंवा नागपुरात ज्या दोन खोल्यांना बारा-पंधरा हजार मिळतात, त्यांना आमच्याकडे चार हजार मिळतात. पण सिमेंटची बॅग, रंगाचा डबा, सबमर्सिबल मोटर, नळाची तोटी यांचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच. उलट एखादा सुटा भाग अमरावती-अकोल्याहून मागवावा लागला तर गाडीभाडं वरून लागतं. म्हणजे किराया तिसऱ्या हिश्शाचा आणि दुरुस्ती पूर्ण भावाची. ‘किरायाच्या दहा टक्के दुरुस्तीला ठेवा’ असे शहरी सल्ले म्हणूनच इथे चालत नाहीत.

पहिली पायरी: बजेटआधी जमीन आणि घर वाचा

तयार घर विकत घेत असाल तर ते दोनदा पाहा, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. कारण आपली काळी जमीन. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून बघतो, पण घराच्या पायव्याखालीही तीच जमीन आहे हे घर घेताना विसरतो. पायवा वरवर असला आणि प्लिंथ बीम (जोत्याला बांधून धरणारी काँक्रीटची तुळई) नसला, तर भिंती दरवर्षी वरखाली होतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर ही त्याची खूण. नुसत्या प्लास्टरच्या बारीक चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या असतात, त्यांना घाबरू नका.

माझ्या मधल्या ब्लॉकच्या उत्तरेच्या भिंतीला अशी एक तिरपी चीर आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जायचं, ऑगस्टमध्ये पोस्टकार्ड सरकवणंही कठीण. दोनदा सिमेंट भरून घेतलं, दोनदा ते बाजूनं सुटलं. तिसऱ्यांदा मिस्त्री काम करायलाच तयार होईना. म्हणाला, ‘‘भाऊ, सिमेंट काय करन? खालची जमीनच हालून रायली.’’ मग आम्ही चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून तारखा लिहिल्या. वर्षभरानं कळलं की चीर उघडते आणि मिटते, पण लांबत नाही. आणि खरं कारण सापडलं ते खिडकीखाली. कूलरचं उतू जाणारं पाणी तिथल्या जमिनीत मुरत होतं. एकीकडची जमीन ओली, दुसरीकडची कोरडी, त्यामुळे भिंत ओढली जात होती. कूलरला नळी लावून पाणी नालीत सोडलं आणि घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करून घेतली. चीर अजून आहे, पण नाणं आता जात नाही. हे काम पहिल्याच वर्षी केलं असतं तर दोनदा भरलेलं सिमेंट आणि रंग वाचला असता. घर नवं बांधत असाल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलचा खर्च जरूर विचारा. खोल काळ्या जमिनीसाठी खाली घेर असलेला हा पायवा रूरकीच्या सीबीआरआय (केंद्रीय इमारत संशोधन) संस्थेनं विकसित केला आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, घर घेत असाल तर बांधकामाला पाणी कोणतं वापरलं ते विचारा. बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टरला लोणा लागतो, भिंतीवर पांढरी भुकटी येते, रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि आतली सळई गंजते. अशा घराचा रंगाचा खर्च सरळ दुप्पट धरा. नळाच्या तोट्या आणि जीआय पाइपही खाऱ्या पाण्यानं लवकर जातात, तिथे प्लास्टिकचे पाइपच बरे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त. तिथे कवेलूचं (कौलांचं) छत असलं तर मृगाआधी कवेलू फेरण्याचा खर्च दरवर्षीचा समजा, कारण माकडं काही सोडत नाहीत. चौकटींना उधई (वाळवी) लागली आहे का ते बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज आला की समजा.

स्लॅबची परीक्षा सोपी आहे. विकणाऱ्याची परवानगी घेऊन स्लॅबवर आळी करून दोन दिवस पाणी साचवा आणि खालून छत बघा. तो नाही म्हणाला तर किंमत ठरवताना वॉटरप्रूफिंगचा खर्च त्यातून वजा करा.

दुसरी पायरी: मोठ्या खर्चांना महिन्याचा हप्ता लावा

घरातली प्रत्येक वस्तू कधीतरी जाणारच आहे. ती किती वर्षं टिकेल आणि बदलायला किती लागतील, एवढे दोन आकडे लिहा. रकमेला वर्षांनी भागा, वर्षाचा वाटा निघतो. खालचे आकडे माझ्या वहीतले, बाराशे चौरस फुटांच्या तीन ब्लॉकांचे, पूर्ण हजारांत करून घेतलेले. तुमच्या गावचे दर विचारून ते बदला, पद्धत तीच ठेवा.

आतला रंग चार वर्षांनी ३६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९,०००. बाहेरचा रंग सहा वर्षांनी ३०,०००, वर्षाला ५,०००. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग सात वर्षांनी ४२,०००, वर्षाला ६,०००. मोटर पाच वर्षांनी २०,०००, वर्षाला ४,०००. टाकी, नळ, पाइप आठ वर्षांनी २४,०००, वर्षाला ३,०००. संडास-बाथरूमच्या टाइल्स आणि फिटिंग बारा वर्षांनी ९६,०००, वर्षाला ८,०००. वायरिंग पंधरा वर्षांनी ६०,०००, वर्षाला ४,०००. दारं-खिडक्या दहा वर्षांनी २०,०००, वर्षाला २,०००. सेप्टिक टाकीचा उपसा तीन वर्षांनी ३,०००, वर्षाला १,०००.

बेरीज ४२,०००. म्हणजे महिन्याला ३,५००, जवळजवळ एका ब्लॉकचा अख्खा किराया. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. पण आकडा खरा होता, कारण मागच्या आठ वर्षांचा खर्च आठवून लिहिला तेव्हा तो याच्याच आसपास निघाला.

सेप्टिक टाकीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. उपसा टँकरच्या मशीननंच करून घ्या. पाच-सातशे रुपये वाचवायला माणूस टाकीत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस क्षणात जातो.

तिसरी पायरी: बाकीचा खर्च आणि रिकामे महिने

तीन ब्लॉक, प्रत्येकी ४,००० रुपये. वर्षाचा किराया १,४४,०००. यातला प्रत्येक ब्लॉकचा एक महिना रिकामा जाणारच असं धरा, १२,००० गेले. आमच्याकडे बदल्यांचा हंगाम म्हणजे मे-जून. एक मॅडम जातात आणि नव्या मॅडम शाळा उघडायच्या वेळी येतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर सुरू होतात, त्यामुळे ब्लॉक जूनभर रिकामा राहिला तर घाबरून किराया पाडू नका. तो महिना रंगाला वापरा.

ठरलेला खर्च माझा असा: घरपट्टी-पाणीपट्टी ६,०००, मोटर आणि जिन्याच्या दिव्याचं सामाईक बिल ७,२००, विमा १,८००, करारनाम्यातला माझा वाटा ३,०००. मिळून १८,०००. बारीकसारीक दुरुस्तीला महिन्याला एक हजार, म्हणजे १२,०००: गळकी तोटी, तुटलेली कडी, तुंबलेला पाइप, जळालेलं बटण. आणि काळ्या जमिनीचा वाटा म्हणून ६,००० वेगळे: चिरा, फरसबंदी, दबलेली पायरी.

आता सगळं मिळवा. रिकामा महिना १२,०००, ठरलेला खर्च १८,०००, बारीक दुरुस्ती १२,०००, मोठी दुरुस्ती ४२,०००, जमीन ६,०००. एकूण ९०,०००. हातात राहिले ५४,०००, महिन्याला साडेचार हजार. प्लॉट आणि बांधकाम मिळून पंधरा लाख गुंतले असतील तर हे वर्षाला ३.६ टक्के झाले. प्लॉटची किंमत वाढेल ती वेगळी, पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही. बँकेचं कर्ज काढून घर बांधणार असाल तर हप्ता या साडेचार हजारांतून जाणार आहे, बारा हजारांतून नाही. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी हे एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहून काढा.

चौथी पायरी: वीज, आणि इथे कंजूषी नको

तीन ब्लॉकांना एकच मीटर ठेवून सबमीटर लावणं सुरुवातीला स्वस्त वाटतं. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. १०० युनिटपर्यंतचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच जास्त, पुढे आणखी. तीन कुटुंबांनी प्रत्येकी ९० युनिट जाळले तर वेगळ्या मीटरवर तिघंही पहिल्या टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर ते २७० होतात आणि त्यातले १७० वरच्या दरानं लागतात. मग तो फरक कुणी द्यायचा यावरून दर महिन्याला कुरकुर. वेगळं मीटर घ्या, बिल ज्याचं त्यानं भरायचं. मात्र जोडणी तुमच्या नावावर असते, म्हणून किरायेदार सोडून जाताना शेवटचं बिल भरल्याची पावती बघितल्याशिवाय अनामत परत करू नका.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. कूलरच्या लोखंडी पेटीत करंट उतरून माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. कूलर किरायेदाराचा असतो, पण अर्थिंग आपली जबाबदारी आहे. प्रत्येक ब्लॉकच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट जमिनीकडे गळू लागला की तो पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो जास्त लोड आणि शॉर्ट सर्किटसाठी आहे. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघायला किरायेदाराला शिकवा. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगही कमजोर पडतं, म्हणून मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. माझ्याकडे हे काम पहिल्या ब्लॉकमधल्या गुरुजींच्या मुलानं स्वतःहून अंगावर घेतलंय, दर रविवारी.

मोटरसाठी ड्राय-रन बंद करणारं पॅनेल लावा. एप्रिलनंतर बोअरची पातळी खाली जाते, मोटर कोरडी चालते आणि जळते. पॅनेलचा खर्च एका मोटरच्या रिवाइंडिंगमध्ये निघून येतो.

पाचवी पायरी: काम कोणत्या महिन्यात काढायचं

याचं भान ठेवलं तर त्याच पैशात काम दुप्पट टिकतं. प्लास्टर, फरसबंदी, संडास-बाथरूम अशी ओली कामं जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उरका. प्लास्टरला किमान आठवडाभर पाणी मारावं लागतं. मे महिन्यात पाणी विकत घ्यावं लागतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. असं प्लास्टर पहिल्याच वर्षी तडकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा रेजा (मजूर बाया) आणि कुली मिळत नाहीत, मिळाल्या तर रोजी चढी. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, म्हणून लागणारी रेती आधीच टाकून ठेवा.

स्लॅबचं वॉटरप्रूफिंग मात्र एप्रिल-मेमध्येच. स्लॅब पार कोरडा असला तरच कोटिंग धरतं. वरचा हात पांढऱ्या रंगाचा द्या, खोली तापणं कमी होतं आणि किरायेदार टिकतो. टिनाचं शेड असेल तर मेमधल्या वावटळीआधी प्रत्येक बोल्ट आवळा आणि कडक झालेले रबरी वॉशर बदला. पत्रा उडाला तर तो नुसता आपला राहत नाही, शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो.

मिस्त्रीला काम अंगावर, म्हणजे ठरलेल्या रकमेत, द्यायचं की रोजीनं, यावर माझं मत पक्कं आहे. मोजता येईल ते काम, जसं प्लास्टर, रंग, टाइल्स, अंगावर द्या. कुठून गळतं ते शोधण्याचं काम रोजीनं द्या. अंगावर घेतलेला माणूस गळती शोधत बसत नाही, दिसेल तिथे माल थापतो आणि जातो.

सहावी पायरी: कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किरायेदारानं किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही आपण दुर्लक्ष केलं, तर तो स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम कापून घेऊ शकतो. हा कायदा परिशिष्टात दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे, आपलं गाव त्यात आहे का ते वकिलाकडून बघून घ्या. नसलं तरी करारात साफ लिहा: स्लॅब, भिंती, वायरिंग, मोटर, सेप्टिक टाकी मालकाकडे, दिवे, तोटीचे वॉशर, फुटलेली काच किरायेदाराकडे. माझ्या करारात एक जास्तीची ओळ आहे: कूलरचं पाणी नळीनं नालीत सोडायचं.

किरायाच्या उत्पन्नावर कर लागतो, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी. प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च कितीही झालेला असो. जास्त झाला म्हणून जास्त मिळत नाही. त्यासाठी घरपट्टीची पावती तेवढी नीट जपा. विम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ठरावीक पॉलिसी आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर त्यात येतात. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढा, प्लॉटच्या किमतीचा नको.

सातवी पायरी: पैसा वेगळा ठेवा

घराच्या नावानं एक बचत खातं काढा आणि किराया थेट त्यातच मागवा. माझ्या हिशेबानं महिन्याला बारा हजार आले की साडेचार हजार मी घरी नेतो, बाकीचे तिथेच राहतात. ज्या वर्षी काही मोडत नाही त्या वर्षी खात्यात चाळीस-पन्नास हजार साचलेले दिसतात, आणि लग्नाकार्यात, बी-बियाण्याच्या वेळी त्यांच्यावर नजर जाते. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वगळून वरचे पैसे एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाकतो. सुरुवात करतानाच एका मोटरचे आणि थोड्या प्लंबिंगचे मिळून तीस हजार तरी खात्यात हवेत, कारण मोटर पाच वर्षं थांबेलच असं नाही.

किराया दरवर्षी थोडा वाढवा, करारातच पाच टक्के लिहा. तीन वर्षं न वाढवता एकदम हजार रुपये वाढवले की चांगला किरायेदार दुखावतो आणि जातो. एक चांगला किरायेदार गेला की एक रिकामा महिना, रंग आणि नवा करार, सगळं एकदम अंगावर येतं.

ब्लॉक देताना आणि परत घेताना किरायेदाराला सोबत घेऊन फिरा. मागच्या मे महिन्यात आमच्या तिसऱ्या ब्लॉकमधल्या सिस्टरांची बदली झाली. त्या म्हणाल्या, ‘‘काका, आधी मीटर बघा, मग बाकीचं.’’ आम्ही रीडिंगचा फोटो काढला, संडासचा फ्लश ओढून पाहिला, खिडकीजवळच्या कूलर स्टँडची चार भोकं मोजली, छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग बोटानं चाचपला. भोकं बुजवायचे दोनशे रुपये त्यांच्या अनामतीतून धरले, डाग माझ्या खात्यात. त्याच संध्याकाळी वहीत वॉटरप्रूफिंगच्या ओळीपुढे लिहिलं: तिसरा ब्लॉक, नैर्ऋत्य कोपरा, पावसाआधी.